विमा-प्रतिनिधी : भरती की घडण?

विमा-एजंट फाटकाशी दिसला की ‘साहेब घरी नाहीत’ असा निरोप आतून पाठविण्याची रीत मध्यमवर्गीय घरांत जुनी आहे. तिच्यात थोडा विनोद आहे, तसा थोडा अविश्वासही आहे. विनोद बाजूला ठेवला तरी अविश्वासाचा विचार करणे प्राप्त आहे. कारण त्याच घरावर कर्त्या माणसाच्या अकाली मृत्यूचा घाला पडला, की पहिली शोधाशोध होते ती त्याच एजंटाची. तो वेळेवर भेटला आणि त्याने दाव्याचे कागद नीट करून दिले, तर विधवेच्या हाती चार पैसे येतात. तो धंदा सोडून निघून गेलेला असला, तर पॉलिसीचा कागद ट्रंकेत सापडतो, पण तीन वर्षांपूर्वीच हप्ते थांबल्याचे त्यानंतर कळते. चांगला विमा-प्रतिनिधी कसा निवडावा आणि कसा घडवावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ विमाकंपन्यांच्या धंद्याचा नाही; तो लक्षावधी कुटुंबांच्या योगक्षेमाचा आहे.

महाराष्ट्राला आयुर्विम्याचा व्यवसाय नवा नव्हे. साताऱ्यासारख्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापन केली, तेव्हापासून विमा हा मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांपुरता विषय राहिला नाही. पुढे १९५६ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. लहानमोठ्या २४५ संस्थांचा कारभार एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. विमा खेड्यापाड्यांत पोचावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. २००० सालापासून खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले. मालकी बदलली, स्पर्धा आली, बँकांच्या खिडकीतून आणि संगणकाच्या पडद्यावरून पॉलिसी मिळू लागली. तरी एकट्या महामंडळाकडे आज तेरा लाखांहून अधिक एजंट आहेत. विमा आपण होऊन कोणी मागत नाही. स्वतःच्या मृत्यूचा विचार माणूस टाळतो, आणि तो विचार त्याच्यासमोर सौजन्याने मांडणारे कोणीतरी लागते. हे काम यंत्राने अजून हिरावून घेतलेले नाही.

मग या प्रतिनिधींची निवड होते कशी? दहावी उत्तीर्ण असणे, थोड्या तासांचे प्रशिक्षण आणि एक लेखी परीक्षा, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की कागदोपत्री एजंट तयार होतो. विकास अधिकाऱ्याचे स्वतःचे भवितव्य त्याच्या हाताखालच्या एजंटांनी आणलेल्या धंद्यावर अवलंबून असते. त्यामुळे माणसे जोखून घेण्यापेक्षा माणसे मोजून घेण्याकडे त्याचा कल झाला, तर नवल नाही. नव्या उमेदवाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो ओळखीपाळखींचा. काका, मावशी, शाळेतील मित्र, शेजारी यांची यादी तयार होते. भिडेखातर दहाबारा पॉलिसी निघतात. वर्षाची अट पुरी होते. यादी संपते तेव्हा एजंटही संपतो. भरतीचा आकडा मात्र अहवालात शाबूत राहतो, आणि रिकाम्या जागी नवी यादी घेऊन नवा उमेदवार येतो.

या उलाढालीची किंमत कोण मोजतो? भिडेखातर घेतलेली पॉलिसी दुसऱ्यातिसऱ्या वर्षी बंद पडते. पूर्वी पहिल्या दोन-तीन वर्षांत ती सोडणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच पडत नसे. २०२४ साली नियमांत सुधारणा होऊन एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काही परतावा देणे कंपन्यांना बंधनकारक झाले, हे इष्टच झाले. परंतु परतावा म्हणजे संरक्षण नव्हे. ज्याच्या पगारातून परस्पर हप्ता कापला जातो, त्या शिक्षकाची वा कारकुनाची पॉलिसी एक वेळ टिकते. पण टपरीवाला, शेतमजूर, रिक्षावाला यांना हप्त्याची आठवण करून देणारा माणूसच नाहीसा झाला, तर त्यांचा विमा नावापुरता उरतो. आणि नेमक्या याच घरांना त्याची गरज सर्वाधिक असते.

दोष केवळ माणसांचा नाही, मेहनतान्याच्या रचनेचाही आहे. दीर्घकाळ चालत आलेल्या कायदेशीर मर्यादेनुसार पहिल्या वर्षीचे कमिशन हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे पाच टक्क्यांपर्यंत देता येत असे. वीस हजारांच्या वार्षिक हप्त्यावर पहिल्या वर्षी सात हजार रुपये, आणि चौथ्या वर्षी तीच पॉलिसी जिवंत ठेवण्याबद्दल एक हजार! ज्याचे पोट कमिशनवर आहे, त्याने जुन्या घरी फेरी मारावी की नवे घर गाठावे, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. २०२३ पासून कमिशनच्या या स्वतंत्र मर्यादा उठल्या असून, एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून दर ठरविण्याची मुभा कंपन्यांच्या संचालक मंडळांना मिळाली आहे. ‘कायद्याने हात बांधले आहेत’ ही सबब आता उरलेली नाही. मोबदल्याचा मोठा भाग पॉलिसी टिकविण्याशी जोडणे हे आता त्यांच्याच इच्छेवर अवलंबून आहे.

येथे ग्राहकानेही आपला चेहरा आरशात पाहणे आवश्यक आहे. ‘पहिल्या हप्त्यातले किती सोडता?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतही निःसंकोच विचारला जातो. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानुसार असा परतावा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा क्वचितच वापरला जात असेल, परंतु व्यवहाराचा हिशेब चुकत नाही. ज्याने आपल्या कमाईचा मोठा वाटा पहिल्याच दिवशी सोडून दिला, त्याने पुढे वीस वर्षे सेवा द्यावी, ही अपेक्षा न्याय्य कशी म्हणावी? सवलत मागणारा प्रामाणिक एजंटाला बाजारातून हुसकावून लावतो आणि त्याच्या जागी येणाऱ्याबद्दल पुढे तक्रार करतो.

निवडीची कसोटी म्हणूनच बदलली पाहिजे. वाचाळपणा हा विक्रेत्याचा गुण समजला जातो. विम्यात तो बहुधा दोष ठरतो. ज्याला समोरच्याचे उत्पन्न, कर्ज, मुलांचे शिक्षण यांविषयी शांतपणे ऐकता येते, गावात ज्याचा शब्द चालतो आणि दहा वर्षांनीही जो त्याच गावात सापडेल असा संभव आहे, तोच खरा उमेदवार. निवृत्त पोस्टमास्तर, बचत गट चालविणाऱ्या स्त्रिया, सहकारी पतपेढीत हिशेब सांभाळलेले तरुण अशांमध्ये तो शोधावा लागेल. नोकरी मिळेपर्यंतचा वेळ काढण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यालाही दार बंद करू नये. पण हा वेळ काढण्याचा धंदा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

प्रशिक्षणाची कथा तर उलट्या दिशेने चालली आहे. खासगीकरणाच्या आरंभी एजंटासाठी शंभर तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते. ते पुढे पन्नासवर आणि नंतर पंचवीसवर आले. पॉलिसींचे प्रकार मात्र वाढतच गेले. वास्तविक, प्रस्तावपत्र भरून घेणारा एजंट हाच विमा कंपनीचा पहिला परीक्षक असतो. ग्राहकाचा मधुमेह त्याने ‘लिहू नका, अडचण येईल’ म्हणून वगळला, तर अडचण टळत नाही. ती विधवेच्या वाट्याला जाते. पॉलिसी तीन वर्षांची झाल्यावर कंपनीला तिच्या वैधतेबद्दल शंका घेता येत नाही, पण तत्पूर्वीचा मृत्यू अशा खोट्या उत्तरांमुळे वादात सापडतो. हे पुस्तकातून पाठ करून उमगत नाही. नव्या एजंटाला पहिले सहा महिने जाणत्या एजंटाबरोबर फिरवावे, आणि त्याने स्वतंत्रपणे पहिली पॉलिसी विकण्याआधी निदान एका मृत्यूदाव्याची पूर्तता आरंभापासून अखेरपर्यंत पाहावी. दाव्याचा धनादेश घेणारे हात पाहिलेला माणूस खोटे प्रस्तावपत्र सहसा भरणार नाही.

सुधारणा अशक्य नाही, याचे एक चिन्ह डिसेंबर २०२४ मध्ये महामंडळाने सुरू केलेल्या ‘विमा सखी’ योजनेत दिसते. दहावी उत्तीर्ण स्त्रियांना तीन वर्षे विद्यावेतन देण्याची ही योजना असून पहिल्या वर्षी ते दरमहा सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा हजार आणि तिसऱ्या वर्षी पाच हजार रुपये आहे. विशेष म्हणजे, पहिल्या वर्षी विकलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू राहिल्या तरच दुसऱ्या वर्षीचे विद्यावेतन मिळते. उमेदवारीच्या काळात पोटाची थोडी सोय आणि टिकाऊ कामाची अट, ही सांगड योग्य आहे. पण तीच अट या स्त्रियांना नेमणाऱ्या अधिकाऱ्यांनाही का लागू नसावी? शिकाऊ स्त्रीने ६५ टक्के पॉलिसी टिकवाव्यात आणि तिच्या वरिष्ठाने केवळ भरतीचा आकडा दाखवावा, हा न्याय नव्हे.

कसोट्या कडक केल्या तर दुर्गम भागाला एजंट मिळणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही; परंतु दुर्गम भागात आज उणीव आहे ती वर्षभराने परागंदा होणाऱ्या एजंटांची नव्हे, टिकणाऱ्यांची. पाच आले आणि पाचही गेले, यापेक्षा एक आला आणि राहिला, हे त्या गावाच्या दृष्टीने अधिक लाभाचे. गेलेल्या एजंटामागे उरलेल्या अनाथ पॉलिसी वेळीच दुसऱ्याच्या हवाली करणे, त्याबद्दल त्याला योग्य मोबदला देणे आणि शाखेतील किती पॉलिसी पाच वर्षे टिकल्या याचा आकडा शाखेच्या दर्शनी भागी लावणे, एवढे तरी सहज करता येण्यासारखे आहे.

महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले आहे. योगक्षेम वाहण्याचे ते आश्वासन कार्यालयाच्या भिंतीवर कोरलेले असते. ते पाळले जाते की नाही, हे मात्र ठरते ते उंबरठ्यावर, एजंटाच्या वागणुकीतून. तो उंबरठ्यावर दिसताच ‘या, बसा’ असे शब्द आपसूक निघतील, त्या दिवशी त्याची केवळ भरती झालेली नसून तो घडला आहे, असे म्हणता येईल.