मृतांसाठी शास्त्र, जिवंतांसाठी गूळ

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांनी भोवतालच्या मुलांना रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पेणचा वा रोह्याचा मुलगा आय.टी.आय.मध्ये रासायनिक संयंत्राच्या ऑपरेटरचा अभ्यासक्रम पुरा करतो, किंवा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. होतो. रिॲक्टर कसा चालवावा, नमुना कसा काढावा, मालाची शुद्धता कशी मोजावी, हे शिकवायला त्याला कोणी ना कोणी भेटते. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारीचीही सोय केलेली आहे. मात्र त्याच रिॲक्टरमधील द्रव्य माणसाच्या रक्तात, यकृतात वा मज्जातंतूंत शिरल्यावर काय करते, हे शिकण्याची इच्छा त्या मुलाला झाली, तर त्याला लखनौ, दिल्ली, हैदराबाद अशा दूरच्या शहरांची नावे सांगितली जातात. विष रोह्यात आणि विषशास्त्र लखनौला, अशी ही श्रमविभागणी आहे!

लखनौची औद्योगिक विषशास्त्राची प्रयोगशाळा १९६५ मध्ये निघाली, अहमदाबादची व्यावसायिक आरोग्याची संस्था त्याच सुमारास. म्हणजे देशाला विषयाचे महत्त्व कळले नव्हते असे नाही. प्रश्न हा की या शास्त्राला गिऱ्हाईक कोण? आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विभागांच्या नावांच्या पाट्या वाचाव्या. तिथे 'न्यायवैद्यक व विषशास्त्र' असा जोडविषय आढळतो. विषशास्त्र शवविच्छेदनाच्या टेबलाला बांधलेले आहे. माणूस मेल्यावर त्याचा व्हिसेरा बरणीत घालून कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो आणि तिथे सरकारी विषतज्ज्ञ त्याची चौकशी करतो. दुसरे गिऱ्हाईक औषधे व कीटकनाशके बनविणाऱ्या कंपन्या. माल विकण्याचा परवाना हवा म्हणून उंदरांवर चाचण्या कराव्या लागतात, त्यासाठी तरुण शास्त्रज्ञ नेमले जातात. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र व विषशास्त्र हा पदव्युत्तर विषय आहे, तेव्हा गाईम्हशींचीही काही व्यवस्था म्हणावयाची. मेलेला माणूस, उंदीर आणि जनावर यांची सोय झाली. राहिला तो धाटावच्या रात्रपाळीतला जिवंत कामगार.

महाडला नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि धाटावला सप्टेंबर २०२४ मध्ये स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परंतु रसायनाचे काम बहुधा आवाज न करता चालते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हाताळणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज लक्षणे दिसण्यापूर्वीच घटू लागते. ॲनिलीन, नायट्रोबेन्झिन यांसारखी द्रव्ये त्वचेतूनसुद्धा आत जातात व रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती मारतात, ओठ निळसर पडतात ते नंतर. कामावर घेताना एकदा आणि मग ठरावीक काळाने रक्त तपासून आकड्यांची तुलना करणारा जाणकार असेल, तर हे वेळीच कळते. तो नसेल तर काय होते, ते यवतमाळने २०१७ मध्ये दाखविले. फवारणी करणारे शेतमजूर विषबाधेने दगावले आणि कोलिनेस्टरेजची तपासणी वेळेवर झाली नाही, यावर नंतर वादळ उठले.

यावर शासकीय अर्थशास्त्र्यांचे ठरलेले उत्तर आहे. पदे नाहीत म्हणून अभ्यासक्रम काढता येत नाही, आणि शिकलेली माणसे नाहीत म्हणून पदे काढता येत नाहीत. हे उत्तर देणाऱ्यांना विचारावे, की चार्टर्ड अकाउंटंटला मागणी कोठून आली? कारखानदारांनी हौसेने आपले हिशेब परक्या माणसापुढे उघडे केले नाहीत. भागधारकाचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून कंपनी कायद्याने लेखापरीक्षण सक्तीचे केले, १९४९ च्या कायद्याने व्यवसायाला रूप आले, विद्यावेतनासह आर्टिकलशिपची परंपरा रुजली आणि तालुक्याच्या गावचा मुलगाही त्या वाटेला लागला. मागणी कायद्याने निर्माण केली. भागधारकाच्या पैशाची तपासणी अनिवार्य आणि कामगाराच्या रक्ताची ऐच्छिक, हा बाजाराचा नियम नाही, ही राज्यकर्त्यांची निवड आहे. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योग आपला खर्च समाजावर कसा ढकलतो, हे १९५० मध्येच मांडले होते. धाटावचा तो खर्च कामगाराच्या घरच्या औषधांच्या बिलात दडलेला आहे.

कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. व्यावसायिक रोग आढळल्यास डॉक्टरने तो कळविलाच पाहिजे, ही १९४८ च्या कारखाने कायद्यातील तरतूद २०२० च्या संहितेत उतरली असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. परंतु रोग ओळखायला शिकविलेच नाही, तर डॉक्टर कळविणार काय? सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, तो चांगलाच आहे. पण डॉक्टरला साहाय्य करणारा, हवेचे व रक्ताचे नमुने घेणारा विज्ञानाचा पदवीधर त्यातून घडत नाही.

पेणची गोष्ट आणखी निराळी. हमरापूर-जोहे परिसरातील गणेशमूर्तींच्या कामशाळांना लोक 'कारखाने' म्हणतात. कायदा त्यांतील बहुतेकांना तसे म्हणत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसवर २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून २०२५ मधील उच्च न्यायालयातील सुनावणीपर्यंत एवढा वाद झाला, पण तो मुख्यतः विसर्जनाच्या पाण्याचा आणि धंद्याचा. मूर्ती घासताना उडणारी धूळ आणि स्प्रेच्या रंगाचा फवारा कोणाच्या छातीत जातो, हे मोजायला कोण गेले?

आता थोडे आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे, कारण दोष केवळ मालकांचा नाही. कामगार संघटनांनी विषाचा विषय वर्षानुवर्षे धोका-भत्त्यात बसविला. दूध आणि गूळ मिळाला की विष उतरते, ही समजूत आपल्याच कार्यकर्त्यांनी जपली. गुळाने धूळ उतरत नाही आणि दुधाने ॲनिलीन धुतले जात नाही, एवढे सांगायलाही आपल्याकडे माणूस नव्हता. भत्ता वाढवून घेणे सोपे, मोजमाप मागणे कठीण, कारण मोजमापाचा आकडा मालकाप्रमाणे संघटनेलाही बांधून टाकतो.

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात रासायनिक व पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी शिकविली जाते, अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोहोंनी मिळून औद्योगिक विषशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविणे अशक्य नाही. त्यातील पहिली दोन वर्षांची उमेदवारी धाटावच्या वसाहतीत आणि पेण-रोह्याच्या सरकारी रुग्णालयांत व्हावी, विद्यावेतन कारखान्यांवरील उपकरातून मिळावे, पण नेमणूक व अहवाल दोन्ही कारखानदाराच्या हाताबाहेर असावेत, ही अट सोडून कोणतीही तडजोड करू नये. धाटावच्या पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात धोका-भत्त्याच्या कलमाखाली आणखी एक कलम घालावे: प्रत्येक कामगाराच्या तपासणीचा आकडा त्याच्या हाती, मराठीत, दर वर्षी.