लष्करातून निवृत्त, घरात रुजू

अमेरिकेत मोठे वादळ झाले की काही भागांत वीज दिवसेंदिवस येत नाही. अशा वेळी हाताशी असावा म्हणून तिथली काही कुटुंबे लष्कराने लिलावात काढलेला जनरेटर विकत घेतात. ‘एमईपी-८०३ए’ हा त्यातला नावाजलेला. १० किलोवॅटचा, डिझेलवर चालणारा आणि वजनाने ५०० किलोंहून जड. तो २४ व्होल्टवर सुरू होत असल्याने १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात.

यंत्र दणकट असते, चूक होते ती जोडणीत. त्याच्यावरील एका स्विचने तीन प्रकारची वीज मिळते : १२० व्होल्ट सिंगल फेज, १२०/२४० सिंगल फेज आणि १२०/२०८ थ्री फेज. तिथल्या घराला यातला मधला प्रकार लागतो.

खरा धोका पुढेच आहे. काही हौशी मंडळी दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घेऊन जनरेटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडतात. अशा वेळी मेन स्विच बंद करायचा राहिला, तर वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. एरवी दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मग तो हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या ते जिवावर बेतते.

यावर उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. घर एका वेळी एक तर बाहेरच्या लाइनला जोडलेले राहते, नाही तर जनरेटरला. दोन्हींना कधीच नाही. परत आलेली वीज आणि जनरेटर यांची टक्करही त्यामुळे टळते.

आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. हे अमेरिकी यंत्र ६० सायकलचे. त्यामुळे ते जसेच्या तसे इथे उपयोगाचे नाही. चेंजओव्हरचा नियम मात्र आपल्या सोसायटीतल्या किंवा दुकानातल्या लहानशा जनरेटरलाही तितकाच लागू आहे. आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उलट दिशेने ११,००० व्होल्ट तयार करू शकतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जनरेटर घरात, जिन्याखाली किंवा बंद गॅरेजमध्ये चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. मोठा डिझेल जनरेटर नुसत्या फ्रीज-पंख्यासाठी तासन्तास चालवला, तर डिझेल पुरते जळत नाही आणि इंजिनात काजळी धरते. म्हणून गरजेपुरताच घ्यावा.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. त्याची मजुरी वाचवण्याच्या नादात खांबावरच्या एखाद्या घरधन्याचा जीव जाऊ नये.