स्पीकरच्या पाठीवरचा आकडा

मैत्रिणींनो, या खेपेला आलेल्या पत्रांत एक पत्र जरा निराळं होतं. गणपतीच्या दिवसांत दिवाणखान्यातल्या स्टिरिओवरची गाणी स्वयंपाकघरातही ऐकू यावीत, म्हणून या भगिनीच्या यजमानांनी माळ्यावरचे दोन जुने स्पीकर खाली काढले आणि त्यांच्या वायरी आधीच्या स्पीकरांच्याच स्क्रूंना पिळून बसवल्या. तासभर आवाज अगदी झकास. मोदकाची उकड काढता काढता हिनं आवाज थोडा वाढवला, नि पाच-दहा मिनिटांत जळका वास येऊन अॅम्प्लिफायर गप्प झाला. तेव्हापासून घरात एकच पालुपद, "तूच आवाज वाढवलास!" बाई विचारतात, खरंच का हो माझी चूक?

बाई, तुमची चूक असलीच तर चार आणे. बारा आणे चूक त्या पिळलेल्या वायरींची. पत्रात तुम्ही स्पीकरांवरचे आकडे लिहून पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. त्यांतच सगळं उत्तर आहे.

स्पीकरच्या पाठीमागे बहुधा ४, ६ किंवा ८ असा आकडा असतो आणि त्यापुढे घोड्याच्या नालेसारखं एक चिन्ह. ते 'ओहम'. स्पीकर विजेला किती अडवतो, त्याचं हे माप. आकडा मोठा तर अडवणूक जास्त, आकडा लहान तर वीज जास्त ओढणार. गच्चीवरच्या टाकीचंच उदाहरण घ्या ना. ८ ओहमचा स्पीकर म्हणजे बारीक तोंडाचा नळ, ४ ओहमचा म्हणजे मोठ्या तोंडाचा. टाकी तीच, पण दुसऱ्या नळातून पाणी दुप्पट जाणार.

आता दोन्ही नळ एकदम सोडले तर? इथेच भलेभले चुकतात. ८ आणि ४ मिळून १२ झाले, म्हणजे अडवणूक वाढली, असं त्यांना वाटतं. उलट विजेला दोन वाटा मिळाल्यामुळे अडवणूक कमी होते. हिशेब सोपा आहे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा, ३२. त्याला बेरजेनं, म्हणजे १२ नं भागा. आले २.६७. तुमच्या अॅम्प्लिफायरच्या पाठीवर 'किमान ४ ओहम' असं लिहिलेलं आहे, आणि त्याच्या गळ्यात पडले पावणेतीनहूनही कमी! नुसत्या ८ ओहमला जेवढी वीज द्यायची, तिच्या तिप्पट तो तासभर देत होता. आवाज झकास वाटला तो त्यामुळेच. आतले ट्रान्झिस्टर मात्र तापत होते. आवाज वाढवला तेव्हा ते अधिक तापले, एवढंच. हे पत्र यजमानांच्या चहाच्या कपाशेजारी उघडं ठेवायला हरकत नाही.

मग स्वयंपाकघरात गाणी ऐकायचीच नाहीत का? ऐका की! तिथेही ८ ओहमचेच स्पीकर लावा. ८ आणि ८ शेजारी-शेजारी जोडले की ४ होतात, तुमच्या सेटला ते चालतील, मात्र आवाज बेतानं ठेवा. तेच दोन एकामागून एक, माळेसारखे जोडले तर १६ होतात. आवाज थोडा उतरेल, पण सेटला काही धोका नाही. काही सेटांना 'ए' आणि 'बी' अशी दोन जोड्यांची बटणं असतात. तिथे पाठीवरचा मजकूर नीट वाचा. एकच जोडी लावताना ४ ओहम चालतात, पण दोन्ही एकदम लावायच्या तर प्रत्येक स्पीकर ८ चा हवा, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं.

नवा सेट घेताना दुकानदार वॅटांचे मोठमोठे आकडे सांगेल. त्याला विचारायचं, "किती ओहमला?" ओहमशिवाय वॅट सांगणं म्हणजे माप न सांगता भाव सांगणं. 'आरएमएस' लिहिलेला आकडा धरावा. एकेकाळी खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून शेकड्यांनी वॅट छापत, त्यांना काडीचा अर्थ नव्हता. आणि ५० ऐवजी १०० वॅट घेतले म्हणून आवाज दुप्पट होत नाही हं, कानाला जेमतेम फरक कळतो. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात! घरातलं रोजचं ऐकणं एक-दोन वॅटांत भागतं. पण म्हणून फार लहान अॅम्प्लिफायर घेऊन त्याची खुंटी शेवटपर्यंत पिळू नये. आवाज फाटू लागतो, नि उंच सुरांचा छोटा स्पीकर आधी जळतो.

आता त्या चार आण्यांबद्दल. अॅम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी ठेवली होती, असं तुम्हीच लिहिलंत. रुमाल सुरेख असेल, शंका नाही, पण वरच्या फटी उष्णता बाहेर जाण्यासाठी असतात. रुमाल टीपॉयवर घाला.

वायरी जोडताना सेट बंद करून प्लग काढावा. तांब्याचे सुटे केस पीळ देऊन आत घालावेत. लाल-काळ्या स्क्रूंमध्ये एक केस जरी टेकला तरी पुन्हा तीच गत. लालला लाल, काळ्याला काळी. एका स्पीकरची उलटी लागली तर तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो.

दुरुस्तीला नेताना चारही स्पीकरांचे आकडे कागदावर लिहून न्या. माळ्यावरच्या एखाद्या जुन्या स्पीकरचं लेबल निघालं असेल, तर दुकानात मीटर लावून घ्या. मीटरवर सहाच्या आसपास दिसलं तर तो बहुधा ८ ओहमचा, आणि तीन-साडेतीन दिसलं तर ४ चा.