गोधडी नको, पेंढा हवा

आमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५-६ अंशांच्याही खाली येतो. द्राक्षं जपायला बागेत पहाटे शेकोट्या पेटतात. मग बागेच्या राखणदाराचं काय?

आमचा म्हातारा वाघ्या अंगणातल्या खोपट्यात झोपतो. थंडी वाढली तशी मी त्याला जुनी गोधडी अंथरली आणि पुण्य केल्याच्या समाधानात झोपलो. आठवड्याने तो सकाळी उठताना लंगडू लागला. गोधडीत हात घातला, तर ती ओलसर, गारढोण! कापड पायांची, श्वासाची ओल धरून बसतं. पेंढ्यात हवा कोंडून राहते आणि तीच ऊब देते. ‘हवा उष्णतेची दुर्वाहक’ हे मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, स्वतःच्या दारात मात्र विसरलो.

मग खोपटं विटांवर उचललं, दार वाऱ्याच्या उलट बाजूला फिरवलं, कोरडा पेंढा भरला. तो ओला झाला की बदलतो. खोपटं लहानच बरं, अंगची ऊब आत राहते. रात्री अर्धी भाकरीही जास्त देतो.

माझं मत एवढंच, मुक्या जिवाला नुसती दया पुरत नाही. आज निजण्यापूर्वी तुमच्या राखणदाराच्या अंथरुणात एकदा हात घालून बघा.