वाचकांची उतरंड कशासाठी?

ईमेलवरून जाणाऱ्या आपल्या पाक्षिकाला वर्गणी लावावी का, हा विषय गेल्या बैठकीत निघाला. वर्गणीला आमचा विरोध नाही. चळवळीचे काम म्हणजे फुकटचे काम, ही सवय मोडलीच पाहिजे. वाद पेटला तो दुसऱ्याच गोष्टीवर.

एका तरुण सहकाऱ्याने सबस्टॅकवरच्या सोयी दाखवल्या. वाचकाने ठरलेल्या संख्येइतके नवे वाचक आणले की बक्षीस म्हणून काही महिने वर्गणी माफ. कुणी किती आणले याची क्रमवारीही लावता येते. ही सोय २०२३ साली आली. शिवाय प्रकाशकाने ठरवले तर फुकट वाचकाचा लेख अर्ध्यावर अडतो, प्रतिक्रिया आणि गप्पांचा कट्टा फक्त वर्गणीदारांना, आणि त्याहून जास्त मोजणारा 'संस्थापक सदस्य'. पैसा वाढेल तशी पायरी वर.

श्रेणीबद्ध विषमता बाबासाहेबांकडून शिकलेल्या लोकांना हे खटकू नये? सहकारी म्हणाला, जात जन्माने चिकटते, वर्गणी उद्या बदलता येते; तुलना ओढूनताणून आहे. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण सर्वांत खालच्या पायरीवर कोण बसणार, हे आम्हाला आजच दिसते. घरात एकच मोबाईल असलेली बाई. वसतिगृहातली मुलगी, जी आपला लेख खोलीतल्या चौघींना वाचून दाखवते. तिने चार वाचक जोडले, पण लिंकवर क्लिक एकही नाही. क्रमवारीत ती शून्य! आपल्या आजोबांच्या पिढीत वस्तीत एक अंक यायचा आणि शिकलेला पोरगा तो मोठ्याने वाचायचा. त्या वाचनाची मोजदाद कुठल्या यंत्राने केली असती? (विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने कोरायची खोड आपल्यालाही आहेच. सगळा दोष अमेरिकेला देऊन चालणार नाही.)

पैशाची अडचण आपल्यालाच पहिल्यांदा आलेली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली सुरू झाले आणि १९२९ साली बंद पडले. त्या पत्राच्या ऋणाबद्दल बाबासाहेबांनी अग्रलेख लिहून समाजालाच जाब विचारला. ऋण फेडा म्हणाले. दहा गिऱ्हाईके आणा, बक्षीस घ्या, असे नाही म्हणाले. कर्तव्य म्हणून वर्गणी मागणे आणि वाचकाला दलाल करणे यात फरक आहे.

दुसरा मुद्दा घरमालकाचा. सबस्टॅक वर्गणीतला दहा टक्के वाटा ठेवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'द अटलांटिक'ने दाखवून दिले की तिथे नाझी विचारांची पत्रेही चालतात, काही वर्गणी घेऊन. नाझी आम्हालाही आवडत नाहीत, पण त्यांची कमाई थांबवणार नाही, असे उत्तर संस्थापकाने डिसेंबरमध्ये दिले. 'प्लॅटफॉर्मर' हे पत्र पुढच्याच महिन्यात तिथून बाहेर पडले. ईमेलची यादी सोबत नेता येते, म्हणून ते जमते. बक्षिसांचा आणि क्रमवारीचा हिशेब मात्र त्याच घरात राहतो. जितके त्यात रुतू, तितके निघणे अवघड.

मग वर्गणीदाराला काय द्यायचे? प्रत्येक अंकात जमाखर्च छापा. किती आले, कुणाच्या प्रवासाला गेले, लिहिणाऱ्याला किती दिले. पत्राला उत्तर द्या, चूक दाखवणाऱ्याचे नाव घेऊन दुरुस्ती छापा. ज्याला जमेल त्याने जास्त द्यावे, पण अंक सगळ्यांना पूर्ण आणि प्रतिक्रिया सगळ्यांना खुली.

पुढच्या बैठकीत मतदान आहे. वर्गणीच्या बाजूने आणि क्रमवारीच्या विरोधात आम्ही हात वर करणार आहोत. त्या सहकाऱ्याला आमची एकच विनंती आहे: येताना वसतिगृहातल्या दोघीतिघींना घेऊन ये, त्यांनाही मत देऊ दे.