आखलेलं गाव आणि कामाचा हिशेब

शेतकरी बंधूंनो, सरपंच-सदस्य मंडळींनो, दरवर्षी आपण गावचा विकास आराखडा करतो. गटार, रस्ता, सभामंडप अशी यादी झाली, ठराव झाला, की काम संपलं. पण वीस वर्षांनी गावात कोणाच्या हाताला काय काम असेल, हे त्या यादीत कुठं असतं का?

हॉलंडमध्ये नोर्डोस्टपोल्डर नावाचा मुलूख आहे. बांध घालून, पंपाने पाणी उपसून १९४२ साली तिथली जमीन समुद्राच्या पोटातून कोरडी केली. सगळी गावं कागदावर आखलेली. मधोमध एमेलोर्ड हे मोठं गाव, भोवती एन्स, बांट, एस्पेल, टोलेबेक अशी दहा खेडी. १९६२ पासून या अकरा गावांचा कारभार एकाच संस्थेकडे आहे.

आखणी बारकाईची होती. शेतमजूर सायकलवर कामाला जाईल, या बेताने खेड्यांची अंतरं ठरवली. जमीन सरकारची, पारखून निवडलेल्या कुटुंबांना ती खंडाने दिली. शेतंसुद्धा मापात, पुष्कळशी २४ हेक्टरची, म्हणजे जवळपास ६० एकरांची.

तरी हिशेब चुकला. ट्रॅक्टर आणि काढणीची यंत्रं आली, मजूर कमी लागू लागले. मोटारी आल्या, लोक बाजाराला थेट एमेलोर्डला जाऊ लागले. धरली होती तेवढी वस्ती बऱ्याच खेड्यांत झालीच नाही. चूक रस्त्यात नव्हती, घरांतही नव्हती. उद्याचं काम आजच्याच मापाने मोजलं, तिथं घोटाळा झाला.

मात्र ती खेडी मोडली नाहीत. कारभार एकत्र असला तरी प्रत्येक गावाची स्वतःची ग्रामहित संघटना आहे, आणि गावचं गाऱ्हाणं ती वर मांडते. जमीन समुद्रपातळीच्या खाली असल्याने पाण्याचा उपसा कायम चालू ठेवावा लागतो. तिथं माझं गाव, तुझं गाव म्हणून चालत नाही.

आपल्याकडेही मळणीयंत्र आलं, तणनाशक आलं, शेतात लागणारे हात कमी झाले. रस्ता हवाच, नको कोण म्हणतं? पण येत्या ग्रामसभेत त्या यादीआधी एक प्रश्न विचारा: आज शाळेत असलेली पोरं उद्या या गावात काय करून पोट भरणार? उत्तर मिळालं, तर आराखडा अर्धा झाला समजा.