थंडीतला हिरवा पाहुणा

बालमित्रांनो, मेथी, कोथिंबीर तर आपण नेहमीच लावतो. या थंडीत कुंडीत एक पाहुणा वाढवू या. नाव रोमेन लेट्यूस! लांबट, उभी, कुरकुरीत पानं आणि मधोमध जाड शीर. पाहुणा असला तरी परका नाही हं. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातला आहे तो.

पण स्वारी आहे लहरी. माती तापली की बी झोपूनच राहतं आणि आपण उगाच बियाणं विकणाऱ्याला बोल लावतो. म्हणून दिवाळीनंतर, हवेत गारवा आला की पेरा. दुसरी गोष्ट उजेडाची. हे बी खोल पुरायचं नाही. ओल्या मातीवर भुरभुरायचं, हलकेच दाबायचं आणि वर चिमूटभरच माती टाकायची.

खरं वाटत नाही? मग करून पाहा! दोन बशांत ओला कागद ठेवून दहा-दहा बिया पसरा. एक बशी उजेडात ठेवा, दुसरीवर डबा पालथा घाला. आठवड्याने दोन्हींतले कोंब मोजा. काही जाती अंधारातही उगवतात, तेव्हा जे दिसेल तेच वहीत लिहा.

कुंडी वीतभर खोल हवी. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. रोपांना चार पानं आली की विरळणी करा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. चांगली रोपं उपटायला जीव होत नाही, पण दाटीत एकही धड वाढणार नाही. उपटलेली धुऊन खाऊन टाका! पाणी रोज सकाळी, बुंध्याशी, बेताने घाला. पानामागे मावा दिसला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढा. पानं कच्ची खायची आहेत, तेव्हा फवारणी नको.

महिना-सव्वा महिन्याने बाहेरची पानं खुडू लागा. पूर्ण गड्डा व्हायला साधारण ६५ ते ७५ दिवस लागतात. खाण्यापूर्वी पानं स्वच्छ धुवा. १० ऑगस्ट २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेलं लाल रोमेन खाल्लं. त्यांनीसुद्धा पानं आधी पुसून घेतली होती बरं!

ऊन वाढलं की मधून दांडा वर येईल, चीक येईल आणि पानं कडू होतील. झाड बिघडलं म्हणून फेकू नका. त्याची आता बी धरायची घाई चालली आहे. एक रोप तसंच राहू द्या. पिवळी फुलं येतील, मग म्हातारीसारखा कापूस फुटेल. तो उडून जायच्या आत बी गोळा करा, सावलीत वाळवा आणि बाटलीत भरून तारीख लिहा. पुढच्या थंडीत विकत आणायला नको. मैत्रिणीला, मित्राला द्यायलाही उरेल.

मग, बशांतले कोंब किती निघाले? आम्हाला जरूर कळवा!